गाण्यातले खडे निवडताना

"मावशी, तुम्ही बहिऱ्या नाही," नांदेडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "तुमचे कान चांगलं ऐकतात. तुम्हाला आवाज सोसत नाही. या आजाराला हायपरअक्युसिस म्हणतात."

मी ते नाव दोनदा विचारलं, तेव्हा त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं. तो कागद मी या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. हायपरअक्युसिस म्हणजे साधा आवाजसुद्धा कानाला मोठा वाटणं, टोचणं, दुखणं. स्टीलच्या ताटात चमचा पडला तर इतरांना नुसता चमचा पडल्याचं कळतं. मला कानाच्या आत कुणी खिळा ठोकल्यासारखं होतं.

माझी मुलगी शीतल शेजारच्या खुर्चीत बसली होती. दोन महिन्यांत ती माझ्याशी मोजून दहा वाक्यं बोलली होती. मला वाटलं, निदान आता तरी ती माझ्याकडे बघेल. ती भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत राहिली.

मॅडमांनी लातूरचा जुना रिपोर्ट उचलला. "यात तर दोन्ही कानांना बरंच कमी ऐकू येतं असं लिहिलंय. आज माझ्याकडे सगळं जवळजवळ बरोबर आलं. लातूरला बारीक आवाज आला तेव्हा तुम्ही हात वर केला नव्हता का?"

"न्हाई," मी म्हणाले. "बारीक आवाजाचं काय सांगायचं? मोठा आला की सांगितला."

मॅडमांनी पेन खाली ठेवलं. शीतलनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आई गं!" दोन महिन्यांतलं ते अकरावं वाक्य.

हे कसं झालं ते सांगते, म्हणजे तुमच्यावर वेळ आली तर तुम्ही तरी हात वर कराल.

मी लातूरला एका डाळ मिलमध्ये निवडणीला बसते. एकोणीस वर्षं झाली. आता बरीचशी डाळ मशीनच निवडतं. मशीनमधून जे सुटतं ते आम्हा बायकांसमोर येतं. आमच्यात खडा सापडला की हात वर करायचा. मुकादम येऊन बघतो, कोणत्या पोत्यातला, किती मोठा. टरफल दिसलं, तुकडा दिसला, तर हात वर करायचा नाही, गुपचूप बाजूला सारायचं. बारीकसारीक गोष्टीला हात वर करणाऱ्या बाईला मुकादम दिवसभर बोलतो.

लातूरच्या दवाखान्यात ऑडिओमेट्री केली. ऑडिओमेट्री म्हणजे बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बारीक ते मोठे आवाज ऐकवतात, आणि आपल्याला सगळ्यात बारीक आवाज कुठला ऐकू येतो ते बघतात. तिथल्या मुलीनं सांगितलं, "आवाज आला की हात वर करा." बारीक आवाजालाही करायचा, असं ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. मी कुणाला काही विचारत नाही, लहानपणापासूनच नाही. बारीक आवाज येत होते, मी ते टरफलासारखे बाजूला सारत होते. मोठा आवाज कानात रुतला की हात वर करत होते. त्यावरून त्यांनी मला बहिरी ठरवलं आणि कानात ऐकायचं मशीन बसवलं. ज्या बाईला आवाज सोसत नाही, तिच्या कानात आवाज वाढवायचं मशीन.

मला त्या मुलीचा राग आहे. माझाही आहे. कुणाला माफ करायला मी ही वही लिहीत नाही.

आजार सुरू झाला खंडे नवमीला. त्या दिवशी मिल बंद असते. मशीन धुतात, झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात. त्या वर्षी मालकाच्या मुलानं गाण्याचे दोन बॉक्स आणले, माणसापेक्षा उंच. शेडची सावली पाहुण्यांना दिली आणि आम्हा निवडणीच्या बायकांना बॉक्सच्या पुढ्यात ताडपत्रीवर बसवलं. मी सगळ्यात कडेला होते. उजवा कान आणि बॉक्स यांच्यात दोन हात अंतर होतं.

माझ्या शेजारी बसणारी रजियाबी पहिल्याच गाण्याला उठली. "कमल, उठ गं! इत्तं जवळ कामून बसलीस? वो डब्बा कान में घुसेगा तेरे!"

"राहू दे, सगळे बघतेत," मी म्हणाले.

उठले असते तर दहा माणसांनी बघितलं असतं. एवढ्यासाठी मी तिथे तीन तास बसले. एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू व्हायचं. त्यात श्वास घ्यायला जागाच नव्हती. गाणारा माणूस आहे की मशीन तेही कळत नव्हतं. धप्, धप्, मग सगळं एकदम गप्प, आणि त्या गप्प जागेनंतर असा दणका की बरगड्या हलायच्या. पोरं मात्र त्या दणक्याची वाट बघत होती. तो आला की नाचायची.

घरी आले तर कानात पाणी गेल्यासारखं झालं होतं आणि आत शिट्टी वाजत होती. त्या शिट्टीला टिनिटस म्हणतात, बाहेर काहीच नसताना कानात आवाज येणं. चार दिवसांत ती कमी झाली. मला वाटलं, गेलं. पाचव्या दिवशी शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली आणि मी हातातलं पीठ टाकून खाली बसले.

पुढे एकेक आवाज मोठा होत गेला. आधी ताटं-वाट्या, मग गाड्यांचे हॉर्न, मग मोबाईलवरच्या जाहिराती. सगळ्यात वाईट म्हणजे गाणी. आता गाणी कुठे नाहीत? भाजीवाल्याच्या गाड्यावर, रिक्षात, खाजगी गाडीत, पिठाच्या गिरणीत. आमच्या निवडणीच्या शेडमध्ये नव्या मुलींनी हातात मावेल एवढा स्पीकर आणला. त्यातून असा चिरका आवाज यायचा की माझे दात शिवशिवायचे. मी एकदाच म्हणाले, बारीक कर गं. ती म्हणाली, "मावशी, मिलचा एवढा खडखडाट चालतोय तुमाला, अन् गाणं चालत न्हाई व्हय?"

मुकादमही तेच म्हणाला. "असला कुठं आजार असतोय का? मशीन चालतंय अन् गाणं नको! काम टाळायचं असलं तर सरळ सांगा."

हे मलाही समजत नव्हतं. मिलचा आवाज गाण्यापेक्षा मोठा, तरी तो मला टोचत नव्हता. नंतर नांदेडच्या मॅडमांनी सांगितलं की मिलचा आवाज एकसारखा असतो. पुढच्या क्षणाला काय येणार ते कानाला माहीत असतं. गाण्यात माहीत नसतं. "पण मिलचा आवाजही कानाला चांगला नाही," त्या म्हणाल्या, "तिथे कानावर मफ लावायचेच." मफ म्हणजे कान झाकणाऱ्या दोन वाट्या. ते मी लावते. मुकादम हसतो. हसू दे.

लातूरच्या दवाखान्याबद्दल एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. कानाचा दवाखाना, बाहेर कानाचे पेशंट बसलेले, आणि त्यांच्या डोक्यावर टीव्ही लावलेला. टीव्हीवर गाणी. मी पदर कानावर घट्ट दाबून दीड तास बसले. समोरच्या काउंटरवर रिमोट होता. बंद करा म्हणायला एक शब्द लागला असता.

मशीन कानात बसवलं त्या दिवशी माझाच पदर सरकला तरी कापड फाटल्यासारखं वाटायचं. मी सांगितलं. दवाखान्यातले म्हणाले, नवीन आहे, सवय होईल. महिनाभर मी सवय करत बसले.

त्यातच संक्रांत आली. शीतलनं नांदेडला बायकांसाठी डान्स क्लास काढला होता. आधी ती दुसऱ्याच्या क्लासमध्ये शिकवायची. आता तिनं स्वतःचा हॉल घेतला आणि उद्घाटन हळदीकुंकवाच्या दिवशी ठेवलं. मी विधवा आहे. असल्या कार्यक्रमात मी मागच्या खोलीत बसते, कुणी सांगायची वाट बघत नाही. शीतलनं मला हाताला धरून पुढे आणलं. तिच्या सासूकडच्या दोन बायका कुजबुजल्या. ती त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दिवा माझी आईच लावणार. बाकीच्यांनी बघायचं."

मी दिवा लावला. मग तिनं मला पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसवलं. मानाची खुर्ची. तिच्या शेजारीच स्पीकर होता. माझ्या कानात मशीन होतं. परत मी काही बोलले नाही.

शीतल आणि तिच्या सहा बायका रांगेत उभ्या राहिल्या. त्या नाचासाठी ती तीन महिने घाम गाळत होती. गाणं सुरू झालं. आधी हलक्या टाळ्या, मग टाळ्या जलद होत गेल्या, मग सगळं गप्प झालं. ती गप्प जागा मी ओळखली. खंडे नवमीची तीच. मी खुर्ची धरली. दणका आला, मशीननं तो आणखी मोठा केला आणि माझ्या कानात घातला.

मी ओरडले. उठले, स्पीकरची वायर दोन्ही हातांनी ओढली आणि कानातलं मशीन जमिनीवर फेकलं. वायरबरोबर टेबलावरचा लॅपटॉप खाली आला. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सगळ्यांनी आपल्याकडे बघावं याची मला जन्मभर भीती, आणि ते असं झालं.

शीतल एक हात वर करून तशीच उभी होती. नाच तिथेच मोडला. कुणी परत गाणं लावलं नाही.

रात्री ती मला गाडीत बसवून द्यायला आली. म्हणाली, "तुला माझा क्लास आवडत न्हाई, ठीक हाय. पण चारचौघींत असं? आता तू क्लासमधी पाय ठेवू नको, आई."

मला क्लास आवडत नव्हता हे खरं आहे. असली गाणी, असलं नाचणं मला पटत नव्हतं. ते तिला माहीत होतं. म्हणून कान दुखला हे तिला पटलंच नाही. पटावं असं मी काही सांगूही शकले नाही. लातूरला येऊन मी कानात कापूस भरला आणि दिवसभर तसाच ठेवू लागले.

दोन महिन्यांनी तिचाच फोन आला. "नांदेडला एक मॅडम हायत. दाखवून घेऊ. फक्त दवाखाना, बाकी काही न्हाई." नांदेडला जाताना गाडीत मागच्या सीटवरचा एक माणूस अहमदपूरपासून लोह्यापर्यंत मोबाईलवर गाण्यांचे तुकडे बघत होता. एकही गाणं पुरं नाही. प्रत्येकाचा फक्त दणका. मी मनातल्या मनात त्याचा मोबाईल गाडीखाली टाकला.

नांदेडला मॅडमांनी आधी कानाचा पडदा बघितला, साखर आणि बीपी बघितलं, ऑडिओमेट्री परत केली. या वेळी त्यांनी बजावलं की मुंगी चालल्याएवढा आवाज आला तरी हात वर करायचा. मग दुसरी तपासणी केली. तिला लाउडनेस डिस्कम्फर्ट लेव्हल म्हणतात. त्यात आवाज हळूहळू वाढवतात आणि कुठल्या पायरीला नकोसा होतो ते लिहून ठेवतात. इतर माणसं जिथे आरामात बसतात तिथे मी थांबा म्हणाले. तेव्हा निदान झालं.

कापूस बघून मॅडम रागावल्या. "दिवसभर अंधारात बसून एकदम उन्हात आलात की डोळे दिपतात ना? कानाचं तसंच करून ठेवलंय तुम्ही." कापूस बंद. मफ फक्त खरोखर मोठ्या आवाजाला. घरी रोज एकसारखा, मऊ आवाज बारीक करून लावायचा, पंख्याचा किंवा मोबाईलवरचा. आणि रोज एक गाणं, अगदी हळू, ऐकून वहीत लिहायचं की कानाला किती लागलं, शून्यापासून दहापर्यंत.

"गाणी तुम्ही पाठवायची," त्यांनी शीतलला सांगितलं.

शीतलनं मान हलवली. बाहेर रिक्षात ती रस्त्याकडे बघत बसली. आजाराला नाव मिळालं म्हणून तिचा लॅपटॉप दुरुस्त झाला नव्हता आणि तिचा मोडलेला कार्यक्रमही परत उभा राहिला नव्हता.

शून्य ते दहा मला जमेना. सहा म्हणजे किती आणि सात म्हणजे किती? मी माझ्या ओळखीचे नंबर लिहिले. कानाला अजिबात न लागणारं गाणं एक नंबर. थोडं लागलं तर दोन नंबर. सगळं भुसभुशीत, ऐकून डोकं जड होणारं असलं तर चुनी, म्हणजे डाळ भरडताना निघतो तो चुरा. आणि टोचणारं असलं तर खडा.

शीतल रोज सकाळी एक गाणं पाठवायची. सोबत एक शब्द नसायचा. मी दुपारी उत्तर द्यायचे: खडा. दुसऱ्या दिवशी: खडा. तिसऱ्या दिवशी: खडा. बाराव्या दिवशी तिनं विचारलं, "सगळंच खडा? ऐकलं तरी का?"

तेराव्या दिवशीही मी लिहिलं: खडा.

महिन्यानं मॅडमांनी वही चाळली. "मावशी, हे ऐकून लिहिलंय की आधीच लिहिलंय?"

मी खाली बघितलं. पहिलं गाणं मी थोडंसं ऐकलं होतं. पुढची लावलीच नव्हती. त्या गाण्यांनी माझा कान नेला, माझी मुलगी नेली, मी त्यांना कशाला ऐकू?

"तुमच्या मिलमध्ये असं चालतं का?" मॅडमांनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या, तरी मला ते फार लागलं. आमच्यात पोतं न उघडता खडा आहे म्हणणाऱ्या बाईला कुणी शेजारी बसू देत नाही. एकोणीस वर्षांत माझ्यावर तशी वेळ आली नव्हती.

"गाणं चांगलं की वाईट हे लिहू नका," त्या म्हणाल्या. "कानाला किती लागलं तेवढंच लिहा."

लातूरला येऊन मी पहिल्यापासून सुरुवात केली. मिलमध्ये माल बघायची एक पद्धत आहे. पोत्याच्या तोंडाशी असलेली मूठ बघून कुणी भाव करत नाही, कारण विकणारा चांगला माल वर ठेवतो, कधी वाईटही वर येतो. म्हणून पोत्यात परखी खुपसतात. परखी म्हणजे टोकदार लोखंडी नळी. वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ माल काढायचा आणि तिन्ही बघून नंबर द्यायचा. मी गाण्याचं तसंच केलं. आवाज इतका बारीक की पंख्याच्या खाली जेमतेम कळेल. सुरुवातीचं थोडं, मधलं थोडं, शेवटचं थोडं. तिन्ही ठिकाणी काय आलं ते वेगळं लिहायचं. सोसलं तरच सगळं ऐकायचं.

ज्यांचे कान माझ्यासारखे आहेत त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवते. गाण्याचा आवाज कमी केला की झालं, असं लोक सांगतात. तसं नाही. कमी आवाजातही खडा असतो. टाळी चिरकी असली, भांड्यावर भांडं आपटल्यासारखी, तर ती बारीक आवाजातही टोचते. गाणाऱ्या बाईचा आवाज मशीननं ओढून पातळ केलेला असतो, तो तारेसारखा जातो. खाली घुमणारी धप् मला कानाला कमी आणि छातीला जास्त लागते, ती चुनी. आणि सगळ्यात वाईट ती गप्प जागा. गाणं एकदम थांबलं की समजा, पुढे खडा आहे. तिथे बोट ठेवून तयार राहायचं. पुष्कळ गाण्यांची सुरुवात इतकी मऊ असते की आपण आवाज वाढवतो, आणि मग ते आपल्याला गाठतं. ही गाणी करणारे लोक हे मुद्दाम करतात. त्यांच्या घरी म्हातारी माणसं, तान्ही लेकरं, डोकं दुखणाऱ्या बाया नसतील का? नसतील असंच दिसतं.

शीतलच्या मोबाईलमध्ये चिरका भाग कमी करायची सोय आहे. ती केली की काही खडे दोन नंबरात येतात. पण शेजाऱ्याच्या घरात वाजणाऱ्या गाण्यातला खडा कुणाला काढता येत नाही.

खरं लिहायचं ठरवलं तेव्हा मला दोनदा जड गेलं. एक गाणं होतं, त्यातले शब्द लेकीसमोर ऐकू नयेत असे. पण ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका चालीत जातं, पंख्यासारखं. कुठे टोचत नाही. त्याला मला एक नंबर द्यावा लागला. आणि माझ्या आवडीचं भजन मी मॅडमांना न विचारताच लावलं, तर त्यातल्या टाळांनी डोळ्यांत पाणी आणलं. रजियाबी शेजारी वही बघत होती. तिला वाचता येतं.

"भजन खडा? अन् ते गाणं एक नंबर?" ती म्हणाली. "कमल, वरून हिशोब मागतील गं तुला!"

"माल जसा हाय तसा लिहिला," मी म्हणाले.

मी दोन्ही नंबर शीतलला पाठवले. थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. "ते गाणं एक नंबर? तू?" त्याच्या पुढे हसणारा चेहरा नव्हता, पण प्रश्न होता. त्या दिवसापासून ती गाण्याबरोबर एखादं वाक्य पाठवू लागली. यातल्या टाळ्या बघ. याचा शेवट तुला चालेल. एकदा: हे क्लासमधल्या बायकांना फार आवडतं, पण एक जण कान झाकते.

कान असे सुधारतात की ते कळत नाही. चौथ्या महिन्यात शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली आणि मी पीठ मळत राहिले. मळून झाल्यावर लक्षात आलं. हॉर्न अजून लागतो. वरातीचा बॉक्स आला की मी मफ लावून मागच्या खोलीत जाते आणि वाजवणाऱ्यांना शिव्या देते. मॅडम म्हणाल्या, सगळं पहिल्यासारखं होईलच असं नाही, पण घरात राहता येईल, गाडीत बसता येईल. तेवढं मिळालं. मॅडमांचे उपकार आहेत, कारण त्यांनी मला विचारलं, हात का वर केला नाही. आधी कुणी विचारलं नव्हतं.

पोळा झाला त्या आठवड्यात मी तपासणीला नांदेडला गेले. दवाखान्यातून बाहेर आल्यावर शीतलनं रिक्षावाल्याला क्लासचा पत्ता सांगितला. मी तिच्याकडे बघितलं.

"आता बॅच न्हाई. रिकामाच हाय," ती म्हणाली.

मी दारात थांबले. पाय ठेवू नको म्हणाली होती, ते मला आठवत होतं. तिला पण आठवत असणार. ती आत जाऊन वळली आणि म्हणाली, "ये की. दारात कामून उभी राहिलीस?"

हॉलमध्ये बदल होता. स्पीकर पहिल्या रांगेजवळून उचलून समोरच्या भिंतीवर, उंच लावला होता. दाराजवळ एक खुर्ची होती. लागलंच तर उठून बाहेर जाता येईल अशी.

तिनं मोबाईल काढला. "एक गाणं राहिलंय. तुला कधी पाठवलं न्हाई."

कोणतं ते मला कळलं. ते उद्घाटनाचं गाणं होतं. माझ्या वहीत ते सगळ्यात आधी लिहिलेलं आहे, खडा म्हणून, दोनदा खाली रेघ ओढून. आजपर्यंत ते परत ऐकायची हिंमत झाली नव्हती.

"नको असलं तर राहू दे," ती म्हणाली.

मी पिशवीतून वही काढली. "वरचं आधी लाव. बारीक."

तिनं अगदी बारीक लावलं. टाळ्या आल्या, जलद झाल्या, मग ती गप्प जागा आली. शीतलचं बोट आवाजावर होतं. दणका आला. तो बारीक होता तरी मानेवर काटा आला. मी लिहिलं: वर, खडा.

"आता मधलं," मी म्हणाले.

मधलं काही वेगळंच होतं. दणक्यानंतर गाणं खाली बसत होतं. एक ढोलकी, एकसारखी, आणि तिच्यावर एक जाडसर बाईचा आवाज, घाई नसलेला. मी खाली मान घालून ऐकलं. टोचायची वाट बघितली. टोचलं नाही. शेवटही तसाच. मी शीतलला ते दणक्याच्या पुढून शेवटपर्यंत लावायला सांगितलं, म्हणजे चूक नको. त्या दिवशी मी जिथे वायर ओढली होती तिथून पुढचं गाणं मी आज पहिल्यांदा ऐकत होते. नाच तिथूनच सुरू होणार होता. आधीच्या टाळ्यांवर त्या नुसत्या रांगेत उभ्या होत्या.

गाणं लागलं तसे शीतलचे पाय आपोआप हलत होते, ते मला खाली मान घातलेली असताना फरशीवर दिसले.

मी लिहिलं: मधे, एक नंबर. तळ, एक नंबर.

ती वाकून वही वाचत होती. "मग गाणं कोणत्या नंबरात?"

"वरचा खडा काढला तर एक नंबर."

"अन् आवडलं का?"

"न्हाई."

ती हसली. संक्रांतीनंतर मी तिला हसताना बघितलं नव्हतं. मोबाईल उचलून ती गाणं बंद करायला निघाली.

"थांब," मी म्हणाले. "दणक्याच्या पुढून परत लाव. मघाशी मी ऐकत होते, बघितलं न्हाई."